स्पर्धेतला स्नॅप रोल: आधी ब्रेक, मग गिरकी

स्नॅप रोल म्हणजे जोरात मारलेला रोल नव्हे. रेडिओ कंट्रोल एरोबॅटिक्समध्ये नव्याने उतरलेले बहुतेक जण सगळ्या स्टिका एकदम कोपऱ्यात ढकलतात, विमान गरकन फिरते आणि जमले असे वाटते. परीक्षकाच्या खुर्चीतून मात्र तेच विमान साधा रोल करताना दिसते, नाहीतर हवेत भोवंडून लाइन (ठरलेला उड्डाणमार्ग) सोडताना. स्नॅपचे गुण ठरतात ते तीन गोष्टींवर: सुरुवातीचा ब्रेक, मधली स्टॉल अवस्थेतली (पंखाची उचल तुटलेली असतानाची) गिरकी, आणि शेवटी त्याच लाइनवर थांबणे. या तिन्ही गोष्टी कमीत कमी एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा भाग) आणि एलेरॉन (विमान कडेला फिरवणारे पंखांवरचे भाग) वापरून साधायच्या असतात. जास्त दिलेला प्रत्येक अंश बाहेर पडताना नडतो.

खालची माहिती प्रामुख्याने एफ३ए या आंतरराष्ट्रीय स्पर्धा प्रकारासाठी आहे, म्हणजे २ मीटर लांबी, २ मीटर पंखविस्तार आणि ५ किलोच्या मर्यादेत बसणारी पॅटर्न विमाने. आयमॅकची, म्हणजे वेगळ्या नियमांच्या स्केल एरोबॅटिक्स स्पर्धांची, मोठी स्केल विमाने (खऱ्या विमानांच्या प्रतिकृती) उडवणाऱ्यांना जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

परीक्षक काय बघतो

एफ३एच्या निकषांनुसार गिरकी सुरू होण्याआधी विमानाचे नाक उड्डाणमार्गापासून स्पष्ट सुटलेले दिसले पाहिजे. यालाच ब्रेक म्हणतात. ब्रेक न होता विमान बॅरल रोलसारखे (मोठ्या पिंपाच्या आतून फिरल्यासारखे) भोवंडले, किंवा साधा रोलच स्नॅप म्हणून खपवायचा प्रयत्न झाला, तर ५ पेक्षा जास्त गुण जातात. मध्येच स्टॉल सुटून विमान साध्या रोलमध्ये गेले तर दर १५ अंशांना १ गुण या हिशोबाने कपात होते. थांबण्याची जागा चुकली तरी हाच हिशोब. पॉझिटिव्ह (एलेव्हेटर ओढून) स्नॅप मारायचा की निगेटिव्ह (एलेव्हेटर खाली देऊन), हे एफ३एमध्ये पायलटच्या मर्जीवर आहे.

आयमॅकमध्ये ते स्वातंत्र्य नसते. तिथे अरेस्टी चिन्हांच्या (हवाई आकृत्या दाखवणाऱ्या खुणांच्या) कागदावर रिकामा त्रिकोण असेल तर पॉझिटिव्ह आणि भरलेला काळा त्रिकोण असेल तर निगेटिव्ह. कपात दर ५ अंशांना अर्धा गुण, आणि ऑटोरोटेशन (स्टॉलमधली आपोआप चालू राहणारी गिरकी) झालेच नाही तर आकृतीला शून्य.

आता थोडा हिशोब. चांगला स्नॅप साधारण ०.६ सेकंदात एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे सेकंदाला ६०० अंश. स्टिक सोडायला एक दशांश सेकंद उशीर झाला की विमान ६० अंश पुढे गेलेले असते. १५ अंशांना १ गुण धरला तर तेवढ्यात ४ गुण गेले. म्हणून सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ बाहेर पडण्यावर खर्च करावा लागतो.

आत नेमके काय घडते

एलेव्हेटर झटक्यात ओढला की पंखाचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि दोन्ही पंख स्टॉलच्या काठावर येतात. या क्षणी उजवा रडर (शेपटीवरचे उभे सुकाणू) दिला तर उजवा पंख मागे पडतो, डावा पुढे जातो. मागे पडलेला पंख पूर्ण स्टॉल होतो, पुढच्यात थोडी लिफ्ट (उचल) शिल्लक असते. त्या फरकाने विमान उजवीकडे फिरते. फिरताना खाली जाणाऱ्या पंखाचा कोन आणखी वाढतो, तो आणखी खोल स्टॉल होतो. वर जाणाऱ्याचा कोन कमी होतो आणि त्याची लिफ्ट टिकते. गिरकी स्वतःच स्वतःला चालू ठेवते. हेच ऑटोरोटेशन. स्पिनमध्येही हेच घडते, फक्त तिथे वेग कमी असतो आणि मार्ग सरळ खाली.

यातून दोन निष्कर्ष निघतात. एलेव्हेटर फार दिला तर दोन्ही पंख सारखेच खोल स्टॉल होतात, फरक उरत नाही, ड्रॅग (हवेचा विरोध) प्रचंड वाढतो आणि विमान जड होऊन सावकाश फिरते. एलेरॉन फार दिला तर मागच्या पंखावरचा वर उचललेला एलेरॉन त्या पंखाचा कोन कमी करतो आणि त्याला स्टॉलमधून बाहेर काढतो. मग उरतो तो साधा रोल. स्नॅपचे खरे इंजिन रडर आहे. एलेरॉन त्याला मदत करण्यापुरता.

उडण्याआधी विमान आणि ट्रान्समीटर

स्नॅपमध्ये पंखांवर येणारा भार वेगाच्या वर्गाने वाढतो. सरळ उड्डाणातल्या स्टॉल वेगाच्या दुपटीने जाताना स्टॉल केला तर ४ जी (वजनाच्या चौपट भार), अडीचपट वेगाने सुमारे ६ जी, तिप्पट वेगाने ९ जी. ५ किलोच्या विमानाला ९ जी म्हणजे ४५ किलोचा भार. त्यामुळे रोजच्या पहिल्या उड्डाणाआधी पंखाची कार्बन ट्यूब, पंख बांधणारे बोल्ट, मागच्या पिना आणि आडव्या शेपटीची ट्यूब हलवून पाहा. बॅटरीचा पट्टा घट्ट हवा. पॅक मध्येच सरकला तर सीजी (गुरुत्वमध्य) बदलतो आणि पुढचे काहीच हातात राहत नाही.

एलेव्हेटरचे दोन भाग सारखे चालले पाहिजेत. डिजिटल थ्रो मीटर (भाग किती अंश हलतो ते मोजणारे साधन) लावून मध्य, अर्धी स्टिक आणि पूर्ण स्टिक अशा तीन जागी दोन्ही बाजू मोजा. अर्ध्या अंशाचा फरकही सरळ ब्रेकला तिरका करतो, आणि मग पायलट त्याची भरपाई रडरने करत बसतो. आडवा तोलही बघा: पुढे स्पिनरखाली आणि मागे शेपटीखाली आधार देऊन कुठला पंख जड आहे ते तपासा व हलक्या पंखाच्या टोकाला थोडे वजन लावा.

सीजीसाठी विमान उलटे करून ४५ अंशात वर न्या आणि स्टिक सोडा. जवळपास सरळ जाऊन हळूहळू कॅनॉपीच्या, म्हणजे जमिनीच्या, बाजूला कलले तर ठीक. सीजी फार पुढे असेल तर ब्रेकसाठी जास्त एलेव्हेटर लागतो. फार मागे असेल तर ब्रेक सहज येतो, पण गिरकी थांबता थांबत नाही.

ट्रान्समीटरमध्ये स्नॅपसाठी वेगळी फ्लाइट कंडिशन (एका स्विचने बदलणारा सेटिंगचा संच) ठेवा. २ मीटरच्या पॅटर्न विमानाला सुरुवात म्हणून एलेव्हेटर १३ ते १५ अंश, रडर २५ अंश, एलेरॉन १२ ते १५ अंश आणि एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारे सेटिंग) ३० टक्क्यांच्या आसपास घ्या. आयमॅकच्या विमानांचे एलेव्हेटर मोठे असतात, पण म्हणून थ्री-डीचे ४०-४५ अंश स्नॅपला वापरू नका. तिथेही १५ ते १८ अंशांपासून सुरुवात करा. उत्पादकाने स्नॅपसाठी आकडे दिले असतील तर आधी ते लावा आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. कंडिशन बदलताना ट्रिम बदलत नाही ना, हे जमिनीवर तपासायला विसरू नका. स्विच टाकताच विमानाने मान हलवली तर परीक्षकाला ते ब्रेकच्या आधीच दिसते.

काही ट्रान्समीटरमध्ये स्नॅपचे बटण असते. वेळ आपोआप मोजून कमांड देणारे असे बटण एफ३एमध्ये चालत नाही आणि जायरोही (विमान आपोआप स्थिर ठेवणारे उपकरण) चालत नाही. रेट (पूर्ण स्टिकवर भाग किती हलतो ते प्रमाण) बदलणारा स्विच पायलटने स्वतः चालू-बंद केला तर हरकत नाही. सरावातही बटणाची सवय लावू नका, कारण जे शिकायचे आहे ते सगळे बोटांच्या वेळेतच आहे.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते ती बीईसीची, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना (भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज देणाऱ्या सर्किटची. स्नॅपमध्ये सगळे सर्व्हो एकाच क्षणी भाराखाली हलतात. टेलिमेट्रीत रिसीव्हरचा किमान व्होल्टेज बघा. ७.४ व्होल्टला लावलेला पुरवठा स्नॅपमध्ये ६ च्या खाली उतरत असेल तर बीईसी, वायरी किंवा कनेक्टर यांपैकी काहीतरी कमी पडते आहे. असे असताना सर्व्हो दरवेळी वेगळ्या वेगाने मध्यावर येतात आणि दोष बोटांच्या माथी मारला जातो.

जागा आणि उंची

सराव साधारण ८० ते १०० मीटर उंचीवर करा. चुकलेल्या स्नॅपमधून बाहेर यायला तेवढी जागा हवी. भारतात मैदान निवडताना डिजिटल स्कायच्या नकाशावर झोन बघून घ्या. हिरव्या झोनची मर्यादा ४०० फूट म्हणजे १२० मीटर आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूटच आहे. एफ३एचा पूर्ण बॉक्स (आकृत्यांसाठी ठरलेली हवेतली जागा) १५० मीटर अंतरावर ६० अंशांपर्यंत, म्हणजे सुमारे २६० मीटर उंच जातो. त्यामुळे पूर्ण उंचीचे शेड्यूल उडवायचे असेल तर हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. सुटा स्नॅप शिकायला मात्र हिरव्या झोनची उंची पुरते.

पहिली पायरी: बोटे

प्रोपेलर काढून, किंवा मोटरची बॅटरी न जोडता, ट्रान्समीटर हातात घ्या. मोड २ मध्ये (रडर डाव्या स्टिकवर, एलेव्हेटर आणि एलेरॉन उजव्या स्टिकवर) उजवीकडचा पॉझिटिव्ह स्नॅप असा: उजवी स्टिक सरळ मागे, तिरकी नाही. मग डावी स्टिक उजवीकडे, आणि त्याच वेळी उजवी स्टिक मागच्या जागेवरून थोडी उजवीकडे. मग उजवी स्टिक पुढे सरकवत एलेव्हेटर निम्म्यावर आणा. मग सगळे मध्यावर. नव्या माणसाचा अंगठा एलेव्हेटर ओढतानाच उजवीकडे घसरतो आणि ब्रेक तिथेच हरवतो. सर्व्हो मॉनिटरचा पडदा उघडा ठेवला तर एलेव्हेटरची पट्टी आधी उठते का आणि एलेरॉनची तोवर शून्यावर आहे का, हे डोळ्यांनी दिसते. मोड १ वाल्यांना एलेव्हेटर आणि रडर एकाच स्टिकवर असल्याने डाव्या अंगठ्याने आधी मागे आणि मग कडेला, असा मोडलेला कोन काढावा लागतो. तिथे गोलाई आली की संपले.

निगेटिव्ह स्नॅपमध्ये एलेव्हेटर खाली जातो आणि रडर-एलेरॉन उलट दिशांना जातात. विमान उजवीकडे रोल व्हायला हवे तर एलेरॉन उजवा, रडर डावा. पॉझिटिव्ह पक्का होईपर्यंत याला हात लावू नका, बोटे गोंधळतात.

सिम्युलेटरवर हा क्रम घोटता येतो. स्टॉलनंतरचे विमानाचे वागणे तिथे भरवशाचे नसते, म्हणून रेट आणि बाहेर पडण्याची वेळ सिम्युलेटरवरून ठरवू नका.

दुसरी पायरी: नुसता ब्रेक

हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि तिथेच अडकून पडतात. सरळ आडव्या लाइनवर, वाऱ्याला तोंड करून, स्टॉल वेगाच्या दोन ते अडीचपट वेगाने या. थ्रॉटल अर्ध्याच्या आसपास. स्नॅप कंडिशन चालू करा, एलेव्हेटर झटक्यात ओढून लगेच सोडा. रडर नाही, एलेरॉन नाही. नाक १०-१५ अंश टुणकन वर गेले पाहिजे, पण विमानाचा मार्ग तोवर जुनाच राहिला पाहिजे. विमान लूपच्या सुरुवातीसारखे वर चढू लागले तर तुम्ही हळू ओढता आहात किंवा फार वेळ धरता आहात. नाक उठूनही स्टॉलची थरथर दिसत नसेल तर रेट एकेक अंशाने वाढवा. पंख एका बाजूला पडत असेल तर पुन्हा एलेव्हेटरचे दोन भाग आणि आडवा तोल बघा. रडरने झाकू नका.

ब्रेक दिसेल असा कमीत कमी एलेव्हेटर कोणता, तो आकडा लिहून ठेवा. पुढचे सगळे त्याच आकड्यावर.

तिसरी पायरी: रडर, आणि मग चिमूटभर एलेरॉन

आता ब्रेकनंतर पूर्ण रडर द्या, एलेरॉन अजून शून्य. विमान आपसूक फिरू लागले पाहिजे. फिरत नसेल तर रडरचा थ्रो किंवा वेग कमी आहे. एलेव्हेटर आणि रडर यांच्यातले अंतर एक-दोन दशांश सेकंदाचे असावे. ते शून्य झाले तर ब्रेक दिसत नाही आणि नाक वर्तुळ काढत जाते. फार वाढले तर आधी नुसतेच नाक उठलेले आणि मग वेगळा रोल, असे दोन तुकडे दिसतात, शिवाय लाइन वर सरकते.

एलेव्हेटर-रडरची गिरकी रोज सारखी यायला लागली की एलेरॉन मिसळा. गिरकी लाइनभोवती सुबक आणि वेगवान होईल इतकाच. शेपूट लाइनभोवती फिरताना दिसते आहे तोवर तुम्ही स्नॅपमध्ये आहात. पंखांची टोके फिरत आहेत पण शेपूट लाइनवर स्थिर आहे असे दिसले की तो साधा रोल झाला, एलेरॉन कमी करा.

गिरकी पकडली की एलेव्हेटर निम्म्यावर सैल करा. ड्रॅग घटतो, बाहेरचा पंख सावरतो आणि फिरण्याचा वेग वाढतो. मात्र पूर्ण मध्यावर आणला तर स्टॉल सुटतो, आणि तिथून पुढचे सगळे अंश १५ला १ गुण या दराने मोजले जातात. ही सैल सोडण्याची मात्रा विमानागणिक वेगळी असते, आणि ती हाताला कळेपर्यंत याच पायरीवर थांबण्यात काही गैर नाही.

डावी आणि उजवी बाजू सारखी वागत नाही. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या एकेरी प्रोपेलरचा टॉर्क विमानाला डावीकडे फिरवतो, आणि नाक वर असताना पी-फॅक्टरही (प्रोपेलरच्या दोन बाजूंच्या असमान ओढीचा परिणाम) डावीकडेच ओढतो. त्यामुळे पॉझिटिव्ह स्नॅप डावीकडे अनेकदा सहज सुरू होतो. उलट फिरणाऱ्या जोड-प्रोपेलरच्या विमानांत हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. दोन्ही बाजूंना सराव करा, पण स्पर्धेसाठी जिथे बाहेर पडणे स्वच्छ आहे ती बाजू निवडा.

चौथी पायरी: थांबणे

आधी एक मोजमाप. नेहमीसारखा स्नॅप मारा आणि बरोबर २७० अंशांवर, म्हणजे पंख उभे दिसताच, सगळ्या स्टिका मध्यावर आणा. विमान तिथून पुढे किती अंश जाते ते मागे उभ्या असलेल्या कॉलरला (आकृत्या सांगणाऱ्या साथीदाराला) बघायला सांगा. ते ६० अंश गेले तर तुमची स्टिक ३०० अंशांवर सुटली पाहिजे. हा आकडा विमान, वेग आणि सीजी यांच्यासोबत बदलतो, पण एकदा कळला की डोळे पंख आडवे होण्याची वाट बघणे सोडतात.

सोडण्यातही क्रम आहे. आधी रडर, त्याच्या पाठोपाठ एलेव्हेटर, शेवटी एलेरॉन. रडर रेंगाळला तर पंख आडवे होऊनही नाक एका बाजूला राहते आणि पुढची लाइन तिरकी जाते. एलेव्हेटर रेंगाळला तर विमान बाहेर पडताच वर उसळते. एलेरॉन सर्वांत शेवटी सोडल्याने उरलेले काही अंश नियंत्रणात भरता येतात. गिरकी थांबत नसेल तर उलटा एलेरॉन क्षणभर टोचावा, पण रोजच टोचावा लागत असेल तर आत जास्त रडर किंवा एलेव्हेटर जातो आहे.

मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचे चित्रण पायलटच्या मागून, शक्यतो स्टँडवरून करा. ०.६ सेकंदाची फेरी सुमारे १४४ फ्रेममध्ये येते. तीन फ्रेम शोधा: नाक पहिल्यांदा उठलेली, पंख पहिल्यांदा कललेले, आणि रोल थांबलेला. पहिल्या दोन्हींत २५ ते ४५ फ्रेमचे अंतर असेल तर ब्रेक वेळेवर आहे. दहापेक्षा कमी असेल तर परीक्षकाला तो दिसलेला नाही, तुम्हाला कितीही जाणवला असला तरी.

लाइन बदलली की काय बदलते

४५ अंश चढत्या लाइनवर वेग लवकर घटतो. स्नॅपच्या आधी थ्रॉटल तीन-चतुर्थांशापर्यंत ठेवा आणि लाइनच्या बरोबर मध्यावर ब्रेक येईल असे मोजा. गिरकीत वेग जातो, म्हणून नंतरची निम्मी लाइन सारख्याच लांबीची काढायला बाहेर पडताच पॉवर लागते. उतरत्या लाइनवर उलटे: थ्रॉटल आधीच खाली घ्या, नाहीतर स्नॅपपर्यंत वेग तिप्पटीवर जातो आणि वरचा ९ जीचा हिशोब खरा होतो. पंख तुटतात ते बहुधा इथेच.

अॅव्हलांश म्हणजे लूपच्या माथ्यावरचा स्नॅप. तिथे विमान उलटे असते पण एलेव्हेटर ओढलेलाच असतो, म्हणून पॉझिटिव्ह स्नॅप नैसर्गिक. अडचण ही की लूपचा एलेव्हेटर आधीच असल्याने ब्रेक झाकला जातो. माथ्यावर येताना एलेव्हेटर किंचित सैल करा, मग झटका द्या. वेगही माथ्यावर सर्वांत कमी असतो, तेव्हा बाहेर पडताना लगेच लूपची त्रिज्या पकडली नाही तर आकृती सपाट होते. गिरकी माथ्याच्या मधोमध हवी. ३६० अंशांपैकी १८० अलीकडे आणि १८० पलीकडे.

आडव्या वाऱ्यात विमान आधीच नाक वाऱ्याकडे ठेवून चाललेले असते. परीक्षक मार्ग बघतो, नाकाची दिशा नाही. रडर थोडा रेंगाळतोच असे गृहीत धरून अशी बाजू निवडा की उरलेला कल वाऱ्याकडे पडेल. उलट पडला तर बाहेर पडल्यावर पहिल्याच क्षणी विमान वाऱ्यासोबत वाहू लागते आणि आकृतीचे अंतर बिघडते.

अर्धा आणि दीड स्नॅप एक स्नॅपनंतरच शिका. अर्ध्या स्नॅपमध्ये ऑटोरोटेशन धरेपर्यंतच सोडायची वेळ येते, त्यामुळे एलेव्हेटर सैल करण्याचा टप्पा जवळजवळ उरत नाही, आणि वर काढलेला तुमचा ६० अंशांचा आकडा तिथे पुन्हा मोजावा लागतो.